दुसरा लून

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिलं. एक तर मला लिहायची सवय नाही. शंभर वर्षांत मी फक्त एक चित्र उमटवलंय, तेच ते, आणि तेसुद्धा कोणीतरी डोक्यात हातोडी घातल्यावर. दुसरं म्हणजे या गोष्टीत माझीही चूक आहे. स्वतःची चूक सांगायला कोणाला आवडतं?

पण काल नॉर्बर्ट माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. ते ऐकल्यावर गप्प बसवेना. तुकड्या-तुकड्यात सांगेन हं. एका घावात जेवढं उमटतं तेवढंच.

मित्रांनो, मी एक जुना पंच आहे. पंच म्हणजे पोलादाचा ठसा. बोटाएवढा लांब, अंगठ्याएवढा जाड. एका टोकाला माझं डोकं, मार खाऊन खाऊन पसरलेलं. दुसऱ्या टोकाला एक पक्षी कोरलाय. लून. कॅनडात हा पक्षी शेंबड्या पोरालाही माहीत असतो. तळ्यात पोहतो, चोच लांब, पाठीवर पांढरे ठिपके. इथल्या एका डॉलरच्या नाण्यावर तोच बसलाय. माझा लून मात्र नाण्यावरच्यापेक्षा वयाने मोठा आहे. हे मी अभिमानाने सांगायचो. आता नुसतं सांगतो.

माझा जन्म १९२६चा, टोरोंटोजवळच्या व्हिटबीचा. पेंगेली नावाच्या माणसाने तिथे बंदुकांचा छोटा कारखाना काढला होता. लाल विटांची इमारत, उत्तरेला भलीमोठी खिडकी. एका कोरक्याने भिंग लावून नऊ दिवस मला कोरलं. मग लालबुंद तापवून तेलात बुडवलं. त्याला पाणी देणं म्हणतात. त्या दिवशी मी इतका कडक झालो की पोलादाच्या नळीवर दाबलं तर नळी दबेल, मी नाही.

म्हाताऱ्या पेंगेलीने मला तळहातावर ठेवून दोन नियम सांगितले. पहिला, ज्याने नळी बघितली त्यानेच पंच मारायचा. दुसरा, घाव एकच. हुकला किंवा दोनदा उमटला तर ती नळी बाद. करवतीने कापून भंगारात.

नळी बघितली म्हणजे काय, ते सांगतो. सगळी गोष्ट त्यावरच आहे.

त्या उत्तरेच्या खिडकीच्या काचेवर मधोमध एक काळी पट्टी रंगवलेली होती. नळी उजेडाकडे धरायची आणि एका टोकाने आत बघायचं. पट्टीची सावली नळीच्या आतल्या चकचकीत भिंतीवर पडते. सावली सरळ धावली, तर नळी सरळ. सावली कुठे मोडली, तर तिथे नळी वाकडी. केसाएवढी वाकडी असली तरी सावली चुगली करते. मग ती नळी प्रेसमध्ये धरून थोडी दाबायची, परत बघायची, परत दाबायची. आत कुठे भेग असली तर तीही दिसते. सगळं मनासारखं झालं की मागच्या जाड बाजूला मला टेकवायचं आणि एक घाव. टण्ण.

लोकांना वाटायचं, लून म्हणजे पेंगेली कंपनी. नाही हो. कारखान्यात लूनचा अर्थ एकच होता. बघितलंय.

बास. माझं आयुष्य म्हणजे हा एक शब्द. आणि मला तो पुरायचा. बदकांच्या शिकारीला जाणारे, शेतावर राहणारे, उत्तरेकडच्या तळ्यांवर महिनोन्‌महिने काढणारे लोक बंदूक विकत घेताना आधी अंगठ्याचं नख लूनवरून फिरवायचे. नख अडलं की मान हलवायचे. माझी तारीफ म्हणजे ती मान हलणं.

१९९८ साली नॉर्बर्ट आला.

नॉर्बर्ट तुस्कानो. वसईजवळच्या निर्मळचा. अठ्ठावीस वर्षांचा, लेथवर काम केलेला, बायको रोझमेरी आणि दोन बॅगा घेऊन कॅनडात उतरलेला. कारखान्यात त्याच्याशी मराठीत बोलणारं कोणी नव्हतं. म्हणून तो माझ्याशी बोलायचा. "काय रे पंच्या, झोपलास? ऊठ. आज सोळा नळ्या आहेत." बर्फाला शिव्या द्यायच्या तर मला. सुकटाची आठवण आली तर मला. माझं सगळं मराठी असं ऐकून ऐकून शिकलेलं आहे, तेही अठ्ठावीस वर्षांच्या पोराकडून. म्हणून शंभरीचा असूनही मी असा बोलतो. चालवून घ्या.

तीन वर्षांत त्याची नजर कारखान्यात सगळ्यात पक्की ठरली. म्हाताऱ्याची नात मार्गारेट तेव्हा मालकीण होती. तिने माझ्या ड्रॉवरची किल्ली त्याच्या हातात दिली. ती किल्ली त्याने आपल्या रोझरीच्या माळेला अडकवली. माळ खिशात, खिसा छातीवर. पंच मारायच्या आधी तो दर वेळी एकच वाक्य म्हणायचा.

"चल रे पंच्या. एकदाच बोल, खरं बोल."

टण्ण.

बावीस वर्षं असं चाललं. मग मार्गारेटचे गुडघे गेले, मुलांना कारखान्यात रस नव्हता, आणि तीन वर्षांपूर्वी तिने सगळं टोरोंटोच्या एका कंपनीला विकलं. ही कंपनी जुनी नावं विकत घेते. एक तंबूवाला, एक बूटवाला, एक कूलरवाला, आणि आता आम्ही.

सुरुवातीला मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. माझा लून टोप्यांवर आला. हुडीवर आला. कॉफीच्या मगवर आला, कुत्र्याच्या पट्ट्यावर आला. मला वाटलं, वा, म्हातारपणी प्रसिद्धी! नॉर्बर्ट तो कॉफीचा मग हातात फिरवत म्हणाला, "पंच्या, हा मग कोणी बघितला रे उजेडाकडे धरून?" आणि हसला. मीही हसलो.

मग लेथ गेले. एकोणीस माणसं होती, चार राहिली. नळ्या इथे बनेनाशा झाल्या. बाहेरून खोक्यातून यायला लागल्या, आणि मशीन लेझरने त्यांच्यावर लून काढायला लागलं. सुंदर लून. ठिपकान् ठिपका मोजून घ्या. फक्त नख फिरवलं तर अडायचं नाही.

नॉर्बर्टला ठेवलं होतं, ते जुन्या बंदुकांच्या दुरुस्तीला. आणि आता कळतं, जाहिरातीत दाखवायच्या चेहऱ्याला.

एके दिवशी तो अशीच एक जुनी नळी दुरुस्त करून मला टेकवत होता. "चल रे पंच्या, एकदाच बोल..." आणि मागून आवाज आला.

"एक्सक्यूज मी, तुम्ही मराठी?"

नवा ब्रँड मॅनेजर. नंदन. तिशीचा, दाढी नीट कापलेली, पायात आमच्याच ग्रुपचे बूट.

"वसईचा," नॉर्बर्ट म्हणाला. "तुम्ही?"

"पुणे. आता मार्कहॅमला असतो. अहो, मी लिस्टमध्ये तुस्कानो वाचलं आणि म्हटलं इटालियन असतील!"

"सगळ्यांना तेच वाटतं. आमच्या गल्लीतल्या इटालियनांनी मला त्यांच्या क्लबात घेतलंय. पास्ता मिळतो, मी काही बोलत नाही."

नंदन इतका मोठ्याने हसला की पलीकडचा माणूस वळून बघायला लागला. मग त्याने विचारलं, "ते तुम्ही आत्ता काय म्हणालात? पंचला?"

नॉर्बर्ट जरा लाजला, पण सांगितलं. नियम सांगितले, सावली दाखवली. नंदनने डोळा लावला. त्याला काही दिसलं नाही, पण तो म्हणाला, "काका, हे सोनं आहे. हे लोकांना माहीतच नाही!"

काका. अठ्ठावीस वर्षांत कारखान्यात कोणी त्याला काका म्हटलं नव्हतं. सगळ्यांसाठी तो नॉर्ब.

त्यानंतर नंदन रोज यायचा. रोझमेरी त्याच्यासाठी डबा द्यायला लागली, तांदळाची भाकरी आणि सुकट. नंदन ब्राह्मणाचा, पण सुकट असं चापायचा की नॉर्बर्ट म्हणायचा, "अरे पोरा, तुझ्या आईला कळलं तर मला वसईला जाता येणार नाही." नंदनने कॅमेरा आणला. खिडकीपाशी नॉर्बर्ट, नळी, उजेड, टण्ण. तो व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला. मीही त्यात होतो, जवळून, डोक्यावरच्या सुरकुत्यांसकट.

आता जे येतं ते सांगायला जड जातंय.

यंदा कारखान्याला शंभर वर्षं झाली. कंपनीने ठरवलं, शंभरीच्या खास दोनशे बंदुका काढायच्या. नळ्या बाहेरच्याच, पण लून लेझरने नाही, माझ्याने. हाताने, एका घावात, जुन्या पद्धतीने. नॉर्बर्टला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण त्याने एकच अट घातली.

"मी एकेक नळी बघणार. जी बघीन तीच मारीन."

"ऑफ कोर्स, काका! तोच तर पॉइंट आहे."

खोकी उघडली. पहिली नळी त्याने खिडकीकडे धरली, बराच वेळ बघितलं, डोळा चोळला, परत बघितलं. दुसरी. तिसरी. मग नळी खाली ठेवली आणि स्टुलावर बसला. नंदन जवळच होता. नॉर्बर्टने इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"पोरा, तुला म्हणून सांगतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय. सावली धुरकट दिसते. दोन महिने झाले, मी कोणाला बोललो नाही. घरीपण नाही."

"अरे बापरे. मग?"

"ऑपरेशनची तारीख मिळालीय. पुढच्या आठवड्यात. दोन आठवडे दे मला, मग एकेक बघतो. घाई करू नको. मी बघितल्याशिवाय एक पण जाता कामा नये."

नंदनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही बघितल्याशिवाय एकही नळी जाणार नाही. शब्द."

आणि मग नॉर्बर्टने आयुष्यात पहिल्यांदा ती किल्ली माळेतून सोडवली. "ही ठेव तुझ्याकडे. मी नसताना ड्रॉवर कोणी उचकटायला नको. तू आपला माणूस आहेस."

मी ड्रॉवरमधून ऐकत होतो. मला बरंच वाटलं. खरंच सांगतो, मला काही वेगळं वाटलं नाही. आपल्या भाषेत बोलणारा माणूस म्हणजे आपला. नॉर्बर्टला जे वाटलं तेच मला वाटलं. आमची चूक तीच.

नऊ दिवसांनी, गुरुवारी, भर दुपारी, ड्रॉवर उघडला. मी म्हटलं, आला! पण हात गार होता आणि साबणाचा वास येत होता.

नंदनच्या दुसऱ्या हातात दुकानातून आणलेली नवी हातोडी होती, खिळे उपटायची. नॉर्बर्टची हातोडी पितळी. पितळ माझ्यापेक्षा मऊ असतं, मार स्वतःकडे थोडा घेतं. ही पोलादाची. टेबलावर दोनशे नळ्या ओळीने मांडलेल्या. खिडकीचा पडदा ओढलेला, कारण कॅमेऱ्याला उजेड जास्त होत होता.

पहिला घाव तिरका बसला. लूनची शेपटी अर्धीच उमटली.

"दुसरी घेऊ का?" कोणीतरी इंग्रजीत विचारलं.

"नाही, राहू दे. ऑथेंटिक वाटतं."

मग दुसरी नळी. तिसरी. चाळिसावी. एकही नळी कोणी उचलून बघितली नाही. मी काय करणार? मी पंच आहे. मारलं की उमटतो. बघितलंय. बघितलंय. बघितलंय. दोनशे वेळा मी ते बोललो, आणि दोनशे वेळा ते खोटं होतं. एकशे बाराव्या नळीवर माझ्या डोक्याचा टवका उडाला. दीडशेच्या पुढे कुठेतरी आत काहीतरी चिरलं. मला वाटलं, फुटावं. तिथेच फुटावं आणि थांबावं हे सगळं. पण मी चांगल्या पोलादाचा होतो. फुटलो नाही. त्याचा मला आजही राग येतो.

नॉर्बर्ट आला तेव्हा काळा चष्मा लावून आला. रिसेप्शनमध्ये मोठ्या पडद्यावर त्याचाच चेहरा चालू होता. जुना व्हिडिओ. नळी, खिडकी, टण्ण. खाली नवी ओळ. 'दोनशे नळ्या. दोनशे वेळा पाहिलेल्या.' त्याला काही समजेना. तो थेट टेबलाशी आला. ड्रॉवर उघडाच होता. त्याने मला उचललं, चष्मा काढला, नव्या डोळ्याने बघितलं.

"जेजू! कोणी मारलं रे तुला?"

नंदन आला. हातात कॉफी. "काका! वेलकम बॅक! डोळा कसा आहे?"

"डोळा एकदम साफ. सगळं दिसतं." नॉर्बर्टने मला समोर धरलं. "हे काय?"

"काका, ऐका ना. लाँच आधीच करायचं ठरलं. वरून प्रेशर होतं. माझ्या हातात काही नव्हतं."

"हातोडी कोणाच्या हातात होती?"

नंदनने कॉफी टेबलावर ठेवली.

"तू शब्द दिला होतास, पोरा."

"सगळ्या नळ्या फॅक्टरीत मशीनवर चेक होऊन येतात, काका. त्या चांगल्याच आहेत. उगाच तुम्ही..." तो थांबला. मग जे बोलायला नको तेच बोलला. "आणि खरं सांगू का, तुम्हालाच तेव्हा नीट दिसत नव्हतं. तुम्हीच म्हणालात. मग तुम्ही बघून असा काय फरक पडणार होता?"

मी नॉर्बर्टच्या मुठीत होतो. ती मूठ कशी झाली ते फक्त मला माहीत आहे.

"ते मी तुला मराठीत सांगितलं होतं," तो म्हणाला. एवढंच.

त्याने त्याच दिवशी नोकरी सोडली. कंपनीने त्याला आठवण म्हणून लूनचा मग दिला. आणि मला? ऐका. रिसेप्शनमध्ये त्यांनी काचेची पेटी केली, खाली पाटी, 'मूळ पंच, १९२६'. आत ठेवला चकचकीत नवा पंच, माझ्यासारखा दिसणारा. मी फोटोत बरा दिसत नव्हतो म्हणे. डोक्याचा टवका, भेग. नॉर्बर्ट मला टेबलावर ठेवून कागदांवर सह्या करायला गेला, तेवढ्यात मला भंगाराच्या डब्यात टाकलं. ज्या डब्यात शंभर वर्षं बाद नळ्या जायच्या, त्याच.

नॉर्बर्ट सामान घेऊन निघताना डब्यापाशी थांबला. डब्यावरच्या माणसाला विचारलं, "टेक धिस?" तो म्हणाला, "टेक इट, नॉर्ब. इट्स गार्बेज." त्याने मला मगमध्ये टाकलं. मी अजून त्याच मगमध्ये राहतो. बाहेर छापलेला लून, आत मी.

घरी आठ दिवस तो कोणाशी बोलला नाही. बेसमेंटमध्ये बसून राहायचा. रोझमेरी वरून हाक मारायची, "अहो, जेवता का?" ताट झाकलेलंच राहायचं. शेवटी त्यांची मुलगी क्रिस्टा खाली आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत.

"डॅड, व्हॉट आर यू सो सॅड अबाउट? इट्स देअर लाय, नॉट युअर्स."

"माझा चेहरा आहे त्याच्यावर. लोक मला बघून घेतात. कोणाच्या तोंडावर फुटली तर?"

"देन टेल देम."

"कोणाला सांगू? दोनशे लोक कुठे राहतात मला काय माहीत? लिस्ट त्यांच्याकडे."

क्रिस्टाने फोन काढला आणि त्याच्यासमोर धरला. "डॅड. जस्ट से इट."

नॉर्बर्टने घसा खाकरला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की शंभरीच्या दोनशे नळ्या मी बघितलेल्या नाहीत. माझा चेहरा आहे, माझा डोळा नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आणा किंवा पाठवा. मी बघून देईन. फुकट.

त्याने दुरुस्तीचं लायसन्स काढलं, सगळे कागद केले. गॅरेजच्या खिडकीच्या काचेवर मधोमध काळी टेप लावली. एका बाजूला विंटर टायर्स रचलेले, एका बाजूला प्रेस, मध्ये स्टूल. आणि वाट बघत बसला.

पहिली नळी बारा दिवसांनी आली. ओशावाचा एक माणूस स्वतः घेऊन आला. नॉर्बर्टने धरली, बघितली, फिरवून बघितली. सरळ. मग तो माझ्याकडे बघत राहिला.

नियम होता, घाव एकच. दोनदा उमटलेली नळी बाद. शंभर वर्षांत दोन लून असलेली एकही नळी बाहेर गेली नव्हती. नॉर्बर्टने पितळी हातोडी उचलली. पहिल्या लूनच्या समोर, तोंडाला तोंड येईल असं मला टेकवलं.

"चल रे पंच्या. एकदा खोटं बोलायला लावलं तुला. आता खरं बोल."

टण्ण.

तो माणूस म्हणाला, "टू लून्स?" नॉर्बर्ट म्हणाला, "वन इज नो गुड." कंपनीच्या वकिलाचं पत्र येईल, क्रिस्टा म्हणाली. येऊ दे, रोझमेरी म्हणाली, आणि त्या माणसाला चहा दिला.

आतापर्यंत सव्वीस नळ्या आल्या. बावीस सरळ निघाल्या. म्हणजे नंदन म्हणत होता ते बरंचसं बरोबर होतं, हे कबूल करतो. तीन वाकड्या होत्या, त्या नॉर्बर्टने सरळ केल्या. सव्विसावी कुरियरने विनिपेगहून आली. डग नावाच्या निवृत्त शिक्षकाची. मुलीच्या पहिल्या शिकारीसाठी त्याने ती बंदूक घेतली होती, सोबत चिठ्ठी होती, 'बघायला उशीर झाला तर हरकत नाही.' नॉर्बर्टने ती उजेडाकडे धरली, मग उलटी फिरवून परत धरली. मागच्या बाजूला, जिथे काडतूस बसतं तिथेच, आत केसासारखी भेग. बरोबर माझ्या लूनच्या खाली. वर मी म्हणत होतो, बघितलंय. आणि खाली ती.

त्या नळीवर त्याने दुसरा लून मारला नाही. करवतीने कापली. मग डगला फोन लावला आणि फोनवर बोलता बोलता खाली बसला.

मागच्या शनिवारी नंदन आला.

योगा मॅटच्या पिशवीत नळी. कंपनीने त्याला बक्षीस दिलेली बंदूक, दोनशेपैकी नंबर एक. अर्ध्या शेपटीचा लून. तो दारात उभा राहिला, टायरकडे बघत.

"काका. बघता का?"

नॉर्बर्टने स्टूल सरकवलं. "मी नाही. तू बघ."

"मला कुठे जमतंय..."

"पट्टी बघ. सावली बघ. काय दिसतं ते सांग."

नंदनने डोळा लावला. बराच वेळ गेला. बाहेर कोणीतरी पानं झाडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"इथे मध्येच... थोडी..."

"थोडी काय?"

"मोडलीय, काका."

"हं. बस."

नॉर्बर्टने नळी प्रेसला लावली. दाबली, बघितली, परत दाबली. अर्धा तास लागला. मग ती नंदनच्या हातात दिली, सरळ. नंदन मगकडे बघत होता. माझ्याकडे.

"आणि दुसरा लून?"

"लिस्ट आणलीस?"

"काका, कस्टमरचा डेटा आहे तो. माझी नोकरी जाईल."

"मग तुझा लून एकटाच राहील."

"माझी नळी तर तुम्ही बघितली ना आत्ता! सरळ केली!"

"तुझी बघितली. बाकीच्यांची नाही. त्यांना कळवणारा तू आहेस, आणि तू गप्प आहेस."

नंदनने नळी मॅटच्या पिशवीत घातली. रोझमेरी दारात येऊन म्हणाली, "जेवून जा रे, सुकट केलंय." तो म्हणाला, "नको काकू, ट्रॅफिक लागेल." शनिवारी दुपारी, व्हिटबीत, ट्रॅफिक.

मला अजून वाटतं तो लिस्ट आणेल. नॉर्बर्टला वाटत नाही. बघू.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. उद्या कोणीतरी तुमच्या हातात पंच देईल. पंच म्हणजे तुमची सही, तुमचं नाव, तुमचं 'हो, मी बघितलं'. मारायच्या आधी नळी उजेडाकडे धरा. आणि माझ्यासारखं काही जुनं तुमच्या घरी पडलं असेल, तर त्याच्यासारखं दिसणारं नवं आणून काचेत ठेवू नका. त्याच्या डोक्यावरचा मार बघा. तो कुठे कुठे खरं बोललाय, ते तिथे लिहिलेलं असतं.

आता नॉर्बर्ट काल काय म्हणाला ते.

त्याने मला मगमधून काढलं, खिडकीकडे धरलं आणि भिंगाने माझी भेग बघितली. ती वाढलीय. प्रत्येक घावाला थोडी थोडी. त्याने तिच्यावरून नख फिरवलं. मग म्हणाला, "पंच्या, आता तुझ्याने होत नाही रे. राहू दे. पुढच्या नळ्यांवर मी पेनने लिहीन. तू आराम कर."

मला बोलता येत नाही. आलं असतं तर तेव्हाच बोललो असतो. म्हणून इथे लिहितोय.

नॉर्बर्ट, अठ्ठावीस वर्षं तू माझ्याशी बोललास, मी ऐकलं. आता तू ऐक. पेनचं पावसात पुसून जातं. नखाला लागत नाही. नंदनची धरून एकशे चौऱ्याहत्तर नळ्या अजून बाहेर आहेत, आणि प्रत्येकीवर मी एकेक खोटं बोललोय. ते मलाच फेडायचंय. तू बघत जा आणि मारत जा. शेवटच्या नळीवर दुसरा लून उमटेपर्यंत मी फुटणार नाही.

शब्द.